खेळातील दळण आणि काठिण्याची निवड



कामगार संघटनेच्या माणसाने वेतन, बोनस, कंत्राटी पद्धत अशा विषयांवर बोलावे अशी आपली अपेक्षा असते, आणि ती रास्त आहे. व्हिडिओ गेमसारखा विषय मी घेतला याचे काहींना नवल वाटेल. परंतु माणूस कामावरून सुटल्यावर त्याच्या हाती जे दोन-चार तास उरतात त्यांचे काय होते, हा प्रश्न आमच्या चळवळीइतकाच जुना आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुटी मिळवून दिली. तेव्हापासून कामाचे तास किती असावेत यावर आम्ही भांडत आलो. सुटलेला वेळ खरोखर कामगाराचा राहतो की दुसरेच कोणी तो खाऊन टाकते, इकडे मात्र आमचे लक्ष कमी गेले. आज पुष्कळ तरुणांच्या या वेळातला मोठा वाटा खेळ घेतात. म्हणून त्या खेळांची रचना समजून घेणे मला अगत्याचे वाटते.

आमच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी काम करणारी मुले एकेका खोलीत पाच-पाच, सहा-सहा जण राहतात. दुसरी पाळी करून मध्यरात्री खोलीवर आली की जेवण उरकून तास-दीड तास मोबाईलवर खेळतात. रविवारच्या सभेला का आला नाहीस असे विचारले, तर उत्तर येते, "काका, ग्राइंड चालू होता." हा ग्राइंड म्हणजे काय, ते मी त्यांच्याच शेजारी बसून शिकून घेतले आणि पुढे मिळेल ते वाचले. त्यातून जे उमगले ते आपणांपुढे ठेवतो.

भूमिकेचा खेळ

ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी आरंभी थोडा खुलासा करतो. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ छापून बाजारात आणला. टेबलाभोवती बसून, कागद-पेन्सिल आणि फासे घेऊन खेळावयाचा हा खेळ. प्रत्येकाने एखादी भूमिका घ्यावयाची. कोणी योद्धा, कोणी जादूगार. संकटातून पार पडले की 'अनुभवा'चे गुण मिळावयाचे, आणि ठराविक गुण साठले की त्या पात्राची पातळी एकाने वाढून त्याचे बळ वाढावयाचे. हाच हिशेब पुढे संगणकाने उचलला.

या जातीच्या काही खेळांत लढाई आळीपाळीने चालते. आपण विचार करून हुकूम द्यावयाचा आणि पात्राने तो पाळावयाचा. दुसऱ्या प्रकारात शत्रूचा वार येत असता नेमक्या क्षणी आपल्या बोटांनी तो चुकवावा लागतो व उलट वार करावा लागतो. या दुसऱ्या प्रकाराला मुले 'ॲक्शन आर.पी.जी.' म्हणतात. त्यात यश दोन गोष्टींवर अवलंबून असते. एक, पात्राचे आकड्यांत मांडलेले बळ. आणि दोन, खेळणाऱ्याच्या हाताचे कसब. पहिले वेळ देऊन वाढते, दुसरे सराव करून येते. आजचे सारे विवेचन या दोन गोष्टींभोवती फिरणार आहे.

दळण म्हणजे काय?

एकाच रानात तेच ते राक्षस पुन्हा पुन्हा मारून अनुभव, पैसा किंवा हत्यारे साठवीत बसणे, याला इंग्रजीत ग्राइंडिंग म्हणतात. मराठीत 'तेच ते दळण दळणे' हा वाक्प्रचार आपल्याकडे तयारच आहे. तेव्हा मी त्याला दळणच म्हणणार आहे.

या दळणाचा स्वच्छ नमुना म्हणजे १९८६ साली जपानात युजी होरी यांनी रचलेला 'ड्रॅगन क्वेस्ट'. हा आळीपाळीच्या लढाईचा खेळ. हाताचे कसब त्यात लागत नाही. स्लाइम नावाचा अगदी क्षुद्र प्राणी मारला की अनुभवाचा एक गुण मिळतो. दुसऱ्या पातळीसाठी ७ गुण लागतात, तिसरीसाठी एकूण २३, आणि शेवटच्या तिसाव्या पातळीसाठी ६५,५३५. वाटेत मरण आले तर राजा नायकाला पुन्हा उभा करतो. जवळचे निम्मे पैसे जातात, पण मिळविलेला अनुभव एका गुणानेही कमी होत नाही.

यातला न्याय ध्यानात घेण्यासारखा आहे. लहान मूल असो, म्हातारा माणूस असो, की कारखान्यातून थकून आलेला मजूर असो, जो वेळ देईल तो शेवटापर्यंत पोहोचेल. पुढचा राक्षस अवघड वाटतो? मागे फिरा, दोन पातळ्या वाढवा आणि परत या. म्हणजे दळण ही काठिण्य कमी करण्याची एक जुनी सोय आहे. तिचे शुल्क एकच, ते म्हणजे वेळ.

दळण्यात सुखही आहे, हे नाकारून चालणार नाही. थकलेल्या मनाला हलके, ठरीव, फळ देणारे काम बरे वाटते. आमच्यातल्या एका मुलाला मी विचारले की दिवसभर प्रेसवर तेच ते काम करतोस, मग रात्री पुन्हा तेच ते कशाला? तो म्हणाला, "काका, इथे मेहनत केली की लेव्हल वाढतेच." पाच वर्षे एकाच खात्यात काम करून ज्याच्या हाती कायम नेमणुकीचा कागद पडला नाही, त्याचे हे उत्तर आहे. ते ऐकून मी त्याला सभेला न येण्याबद्दल पुढे काही बोललो नाही. खेळातले दळण माणसाला का धरून ठेवते, याचे बरेचसे उत्तर खेळाबाहेर सापडते.

पगारवाढ आणि महागाई

ॲक्शन जातीच्या खेळांत हा सरळ हिशेब बिघडू लागतो. एखाद्याने फार दळण केले तर पुढच्या लढाया पोरखेळ होतात. कमी केले तर डोके आपटावे लागते. रचनाकारांनी यावर एक उपाय काढला. २००६ सालच्या 'ऑब्लिव्हियन' या अमेरिकन खेळात नायकाची पातळी वाढली की शत्रूंचीही वाढते. परिणाम असा झाला की, आरंभी फाटक्या कातड्याच्या चिलखतात हिंडणारे वाटमारे पुढे मोठमोठ्या सरदारांना शोभतील अशी मौल्यवान चिलखते घालून शंभर नाण्यांसाठी वाट अडवू लागले.

आम्हा लोकांना ही गोष्ट चटकन कळते. पगार शंभराने वाढला आणि बाजारभावही तितकाच चढला, तर हाती काय पडले? नाममात्र वेतन आणि खरे वेतन यांतला फरक आम्ही सभासदांना नेहमी समजावून देतो. या खेळाने तो राक्षसांच्या भाषेत समजावून दिला. खेळाडूंनी त्यावर कडक टीका केली. बळ वाढले असे वाटण्यासाठी काही शत्रू मागे राहिले पाहिजेत आणि काही पुढे असले पाहिजेत, हा धडा त्यातून निघाला.

काठिण्याची निवड

दुसरा उपाय अधिक सरळ आहे. काठिण्य किती असावे हे खेळणाऱ्यालाच विचारावयाचे. परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेची जशी काठिण्यपातळी असते, तशी खेळाचीही असते; भेद एवढाच की इथे ती परीक्षार्थी स्वतः ठरवितो. २०१५ साली पोलंडमधल्या एका कंपनीने काढलेल्या 'विचर ३' या खेळात अशा चार पातळ्या आहेत. सर्वांत सोपीच्या नावाचा अर्थ 'फक्त गोष्ट' असा, आणि सर्वांत अवघडीच्या नावाचा 'मृत्यूची कूच' असा. गोष्ट ऐकण्यासाठी आलेल्याने पहिली घ्यावी, तलवारबाजीची हौस असलेल्याने चौथी. खेळ चालू असताना मधेच पातळी बदलताही येते.

पण काठिण्य वाढविणे म्हणजे नेमके काय वाढविणे, हे तपासून पाहिले पाहिजे. 'ऑब्लिव्हियन'च्याच कंपनीचा २०११ चा 'स्कायरिम' घ्या. त्यात पुढे जोडलेल्या सर्वांत अवघड पातळीवर आपला वार एकचतुर्थांश जोराने लागतो आणि शत्रूचा तिप्पट जोराने. साध्या पातळीवर चार घावांत पडणारा शत्रू येथे सोळा घाव खातो. शत्रू पहिल्यापेक्षा शहाणा झालेला नसतो, त्याचे डावपेच तेच असतात; काम मात्र चौपट होते. आमच्या भाषेत ही कामवाढ झाली. यंत्रे तीच, माणसे तीच, आणि पाळीचे उत्पादन वाढवून मागितले, तर त्याला आम्ही कौशल्याची कसोटी म्हणत नाही. वेळ खाणारे काठिण्य आणि कसब मागणारे काठिण्य ह्या दोन निराळ्या वस्तू आहेत, आणि 'अवघड' या एकाच चिठ्ठीखाली पुष्कळदा पहिली वस्तू विकली जाते.

याच्या उलट काही रचनाकारांनी काठिण्याचे तुकडे करून ते वेगवेगळे हाती दिले आहेत. २०२३ सालच्या 'फायनल फँटसी १६' या जपानी खेळात पाच अंगठ्या मिळतात. एक घातली तर शत्रूचा वार येताना काळ क्षणभर मंदावतो. दुसरीने वार आपोआप चुकविला जातो. तिसरीने एकच बटण दाबून अनेक वारांची मालिका साधते. चौथीने सोबतचा कुत्रा आपणहून मदतीला धावतो. पाचवीने जखमेवर औषध आपोआप लागते. ज्याला ज्या बाबतीत अडचण असेल त्याने त्यापुरती अंगठी घालावी. आमच्या भागात प्रेसवर बोटे गमावलेले कामगार थोडे नाहीत. अशा माणसाला डोके शाबूत आहे, गोष्टीची आवड आहे, फक्त अर्ध्या सेकंदात दोन बटणे दाबणे जमत नाही. त्याच्यासाठी अशी अंगठी म्हणजे भिक्षा नव्हे. उंबऱ्याशेजारी बांधलेला तो उतार आहे.

आणखी एक पद्धत मला विशेष आवडली. २०२० सालच्या 'हेडिस' या खेळात, जो याच जातीच्या अगदी जवळचा आहे, 'देवपण' नावाची एक सोय आहे. ती चालू केली की आपल्याला होणारी इजा वीस टक्क्यांनी कमी होते, आणि प्रत्येक मरणाबरोबर हे संरक्षण दोन-दोन टक्के वाढत जाऊन ऐंशी टक्क्यांपर्यंत पोहोचते. म्हणजे अपयशाची भरपाई तत्काळ, आपोआप आणि कोणापुढे हात न पसरता मिळते. ज्यांना खेळ सोपा वाटू लागतो त्यांच्यासाठी त्याच खेळात स्वतःवर एकेक अट लादून घेण्याचीही व्यवस्था आहे. ओझे किती उचलावयाचे ते उचलणाऱ्याने ठरवावे, हे तत्त्व येथे दोन्ही बाजूंनी पाळले आहे.

एक आक्षेप

कोणी म्हणेल, कष्टाशिवाय मिळालेल्या फळाला चव नसते. मग ही निवड देऊन खेळाचे पाणी का करावे? हा आक्षेप हलका नाही. हिदेताका मियाझाकी यांनी रचलेल्या 'डार्क सोल्स' या २०११ सालच्या खेळात काठिण्याची निवड मुळीच नाही. तेथे शत्रूला मारून जे 'आत्मे' मिळतात तेच चलन आणि तोच अनुभव. मरण आले की ते सारे त्या जागी पडतात. पुन्हा तेथवर पोहोचून उचलले तर आपले; वाटेत दुसऱ्यांदा मेलो तर कायमचे गेले. शेकोटीपाशी विसावले की प्रकृती भरून येते, पण रानातले मारलेले शत्रूही पुन्हा उभे राहतात. असा खेळ पार करणाऱ्याला जो आनंद होतो तो तालमीत वर्षभर घाम गाळून पहिली कुस्ती मारणाऱ्या पोराच्या आनंदासारखा असतो. वस्तादाने नियम सैल करावेत असे त्या पोराला वाटत नाही.

परंतु जरा खोलात पाहिले तर या खेळांतही निवड आहेच. तिचे नाव तेवढे वेगळे. दळण करून पातळी वाढविता येते. दुसऱ्या खेळाडूला मदतीस बोलाविता येते. त्याच कंपनीच्या २०२२ मधल्या 'एल्डन रिंग' या खेळात तर मोठे मोकळे रान दिले आहे; एका दाराशी अडलो तर दुसरीकडे जाऊन बळ मिळवून परत यावे, नाही तर साहाय्यक भुतांना हाक मारावी. २०१९ च्या 'सेकिरो'त मात्र या वाटा पुष्कळशा बंद होत्या. दळणाने तेथे फारसे साधत नव्हते, हाताचे कसबच हवे होते. म्हणून त्या वेळी सोपी पातळी असावी की नसावी यावर जगभर मोठा वाद झाला, आणि अपंग खेळाडूंनीही आपली बाजू मांडली.

माझे मत विचाराल तर असे आहे. रचनाकाराने 'मला अभिप्रेत असलेले काठिण्य हे' असे स्पष्ट लिहावे आणि शेजारी सोपी वाट ठेवावी. अवघड वाटेने जाणाऱ्याचे त्यात काही कमी होत नाही. पिठाची गिरणी आली म्हणून हौसेने जात्यावर दळणाऱ्या बाईचा हात कोणी धरला नाही. आणि गिरणी आल्याने अनर्थ झाला असे रोज पहाटे उठून दळणाऱ्या बाईने म्हटल्याचेही मी कधी ऐकले नाही. तथापि, एखाद्याने सोपी वाट ठेवली नाही तर त्याला मी अन्याय म्हणणार नाही. कारण आपण 'डार्क सोल्स'मध्ये शंभर वेळा मेलो तरी त्यातून रचनाकाराला एक पैसाही जादा मिळत नाही. त्याने अडचण आपल्यापुढे ठेवली, पण तिचा व्यापार मांडला नाही.

पीठ कोण खाते?

येथे आपण मुख्य मुद्द्याशी आलो. आपल्याकडे म्हण आहे, आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते. दळण वाईट की चांगले हे ठरविताना पीठ कोणाच्या डब्यात पडते ते पाहावे.

'डायब्लो' ही अमेरिकन खेळमाला या जातीत फार गाजलेली. तिचा तिसरा भाग २०१२ मध्ये आला. राक्षस मारावेत, त्यांच्याकडून हत्यारे मिळावीत, ती घेऊन अधिक मोठे राक्षस मारावेत, हे तिचे मूळ सूत्र. तिसऱ्या भागात कंपनीने खेळातच एक लिलावघर उघडले. तेथे खऱ्या पैशाने हत्यारे विकत घेता येत आणि कंपनी त्यावर आपली दलाली घेई. सर्वांत अवघड पातळीवर टिकण्यास उत्तम हत्यारे हवीत, आणि ती दळणातून तर क्वचितच मिळत. लोक राक्षस सोडून बाजारात फिरू लागले. अखेर या लिलावघराने खेळाचा गाभाच पोखरला हे कंपनीने स्वतः मान्य केले आणि मार्च २०१४ मध्ये ते बंद केले. त्याच सुमारास दोन सुधारणा झाल्या. आपल्या पात्राला उपयोगी पडतील अशी हत्यारे अधिक मिळू लागली; आणि पूर्वी एक पातळी संपवूनच दुसरी उघडत असे, ती पद्धत जाऊन बऱ्याचशा पातळ्या खेळाडूला आपल्या मर्जीने निवडता येऊ लागल्या. बाजार उठला तेव्हा दळण आणि काठिण्य दोन्ही माणसाच्या आवाक्यात आले, हा योगायोग मी समजत नाही.

दुसरा नमुना २०१८ च्या 'ॲसॅसिन्स क्रीड ओडिसी'चा. प्राचीन ग्रीसमधली ही कथा सुंदर रंगविली आहे. परंतु पूर्ण किंमत मोजून खेळ घेतल्यावर, आणखी सुमारे दहा डॉलर भरले की अनुभव दीडपट मिळे, अशी वस्तू दुकानात ठेवली होती. तिला 'वेळ वाचविणारी' असे गोंडस नाव दिले होते. आता प्रश्न असा की वाचविण्याजोगा तो वेळ खेळात घातला कोणी? रस्त्यात खड्डा खणणारा आणि फळी भाड्याने देणारा एकच असेल, तर खड्डा किती खोल असावा हे तो कोणत्या हिशेबाने ठरवील?

तिसरा नमुना आमच्या पोरांच्या मोबाईलवरचा. 'गेनशिन इम्पॅक्ट' हा चिनी कंपनीचा खेळ २०२० मध्ये आला. तो फुकट खेळता येतो. त्यात रोज चार लहान कामे नेमून दिलेली असतात. ती केली की साठ रत्ने मिळतात. नवे पात्र मिळविण्याच्या सोडतीची एक चिठ्ठी एकशे साठ रत्नांची. पहिल्या प्रतीचे पात्र नव्वद चिठ्ठ्यांच्या आत नक्की मिळते, पण ते आपल्याला हवे तेच असेल असे नाही. रत्ने मिळण्याचे इतरही मार्ग आहेत, पण केवळ या रोजच्या कामांवर नव्वद चिठ्ठ्या जमवावयाच्या म्हटले तर १४,४०० रत्ने, म्हणजे एकही खाडा न करता २४० दिवस. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यापासून अखंड सेवेचा हिशेब आम्ही ज्या २४० दिवसांनी करतो, नेमके तितके! फरक एवढाच की कायद्याचे २४० दिवस भरले तर हक्क उभा राहतो. इथे सोडत निघते.

याच खेळात दळणालाही शिधापत्रिका आहे. 'राळ' नावाचा एक पदार्थ दर आठ मिनिटांनी एक याप्रमाणे साठतो आणि तो खर्चल्याशिवाय दळणाचे फळ उचलता येत नाही. कमाल साठा २०२४ पासून दोनशेचा आहे. रिकामे भांडे भरण्यास २६ तास ४० मिनिटे लागतात. त्यानंतर साठणे थांबते. म्हणजे दिवसातून एकदा हजेरी लावली नाही तर वाढ वाया गेली. कोणी असेही म्हणेल की यामुळे पोरे रात्रभर दळीत बसत नाहीत. ते खरे आहे. पण थांबलेले भांडे पैशाच्या रत्नांनी पुन्हा भरण्याची सोय शेजारीच ठेवली आहे, तेव्हा पोरांच्या झोपेची काळजी हा त्यामागचा हेतू धरता येत नाही.

नावे बदलून माणूस कसा फसतो त्याचे एक उदाहरण सांगतो. २००४ च्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळाच्या चाचणीच्या काळात, फार वेळ खेळणाऱ्याला मिळणारा अनुभव कमी होत जाई. लोक चिडले. तेव्हा रचनाकारांनी तोच हिशेब उलटा मांडला, आणि विश्रांती घेऊन आलेल्यास जादा अनुभव मिळेल असे जाहीर केले. लोक खूष झाले. गैरहजेरीची कपात आणि हजेरी भत्ता यांतला हा जुना खेळ आमच्या परिचयाचा आहे.

दळणारे हात

याच 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मुळे पोटासाठी दळणारे मजूरही निर्माण झाले. अमेरिकन पत्रकार ज्युलियन डिबेल यांनी २००७ साली न्यूयॉर्क टाइम्सच्या रविवारच्या नियतकालिकात चीनमधल्या नानजिंग शहरातील अशा एका कारखान्याचे वर्णन केले. तरुण मजूर बारा-बारा तासांच्या पाळीत, आठवड्याचे सातही दिवस, संगणकापुढे बसून राक्षस मारीत आणि खेळातले सोने जमवीत. मजुरी तासाला सुमारे तीस सेंट पडे. ते सोने पुढे दलालांमार्फत पश्चिमेकडच्या हौशी खेळाडूंना विकले जाई. एकाला जे दळण नकोसे झाले म्हणून त्याने पैसे मोजले, तेच दळण दुसऱ्याची पाळी झाले. खेळातल्या कंटाळ्याला बाजारभाव आला की तो कंटाळा कोणाच्या तरी अंगावर टाकला जातो. आणि तो अंग मोडून सोसणारा कोण असतो, हे या श्रोतृवर्गाला सांगण्याची गरज नाही.

हे खेळ बनविणारेही कामगारच आहेत. 'ऑब्लिव्हियन' आणि 'स्कायरिम' ज्या झेनिमॅक्स समूहातून आले, तेथे खेळ तपासणाऱ्या सुमारे तीनशे कामगारांनी जानेवारी २०२३ मध्ये संघटना स्थापली. ऑगस्ट २०२५ मध्ये 'डायब्लो' बनविणाऱ्या साडेचारशेहून अधिक लोकांनी 'कम्युनिकेशन्स वर्कर्स ऑफ अमेरिका' या संघटनेत जाण्याचा कौल दिला. दळण किती कंटाळवाणे आहे हे सर्वांत आधी या तपासनिसांना कळते, कारण ते शेकडो वेळा ते दळून पाहतात. त्यांच्या बोलण्याला घरात मान मिळाला, तर बाहेरचा खेळही सुधारेल असा माझा विश्वास आहे.

खेळणाऱ्यांच्या एकजुटीलाही फळ येते. २०१७ च्या 'शॅडो ऑफ वॉर' या खेळात अखेरचा भाग दळणाने लांबविला होता आणि शेजारी पैशाच्या पेट्या विकावयास ठेवल्या होत्या. ओरड इतकी झाली की जुलै २०१८ मध्ये कंपनीने ते दुकान काढून टाकले आणि तो अखेरचा भागही आखूड केला. दुकान जाताच दळण आखूड झाले, हे ध्यानात ठेवा.

समारोप

तेव्हा आपल्या घरातल्या मुलाला 'काय तो खेळ, वेळेची नासाडी' असे सरसकट म्हणण्याऐवजी त्याच्या शेजारी बसून तीन प्रश्न विचारा. पहिला, हे दळण तुला आवडते म्हणून करतोस, की पुढचे दार बंद आहे म्हणून? दुसरा, दार अवघड वाटले तर काठिण्य कमी करण्याची सोय खेळात फुकट आहे का? तिसरा, ती सोय विकत असेल तर ते दार कोणी आणि कशासाठी बंद केले? या प्रश्नांची उत्तरे मुलाला स्वतः देता आली, तर त्याचा तास त्याच्या ताब्यात आहे असे समजावे. मग तो त्या तासात स्लाइम मारो, की पुस्तक वाचो.

आमच्या खोलीवरच्या त्या पोरांना मी हे प्रश्न विचारले. दोघांनी रोजच्या हजेरीचा खेळ सोडून एकदाच विकत घेऊन खेळता येईल असा खेळ धरला. एकाने सोडला नाही. त्याला ते दळण मनापासून आवडते, आणि तो त्यात पैसा घालीत नाही. तोही निर्णय मला मान्य आहे. १८९० साली कामगाराने रविवार मागितला तेव्हा त्या दिवशी तू काय करणार, असा जाब मालकाला विचारण्याचा अधिकार नव्हता. आज तो मलाही नाही. रविवार त्याच्या हातून काढून घेणारा हात ओळखावा, एवढेच सांगण्याचा मला अधिकार आहे, आणि तो मी बजावला.